दाराची ओढ

दुधाचं पातेलं दोन्ही हातांत होतं, म्हणून फ्रिजचं दार तिनं कोपरानं ढकललं. ते पुरतं लागलं नाही, चार बोटांची फट राहिली. ती ओट्याकडे वळली आणि तेवढ्यात दार आपलं आपण सरकायला लागलं. शेवटच्या बोटभर अंतरात तर आतून कुणी हिसका दिल्यासारखं झालं आणि ते थप्पकन बसलं. हा आवाज ती लग्न झाल्यापासून दिवसातून वीसदा ऐकत आली होती. आज तो तिच्या पाठीत लागला. पातेलं धरून ती तशीच उभी राहिली, दूध हेलकावत काठापर्यंत येऊन परत गेलं, आणि मनात अगदी शहाण्यासारखं, कुणी समजावून सांगावं तसं एक वाक्य आलं: दाराच्या रबरात चुंबक असतं. म्हणजे काय, माहीत नव्हतं का तिला? सगळ्या जगाला माहीत असतं. तिनं पातेलं खाली ठेवलं, दार उघडलं, राखाडी रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मऊ, थंड, थोडं चिकट. मग खणातली एक सेफ्टीपिन काढून पट्टीजवळ नेली. पिन तिच्या बोटांतून निसटून रबराला जाऊन बसली. घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती, आणि अकरा वाजता तिच्या मोठ्या जाऊबाईंच्या यकृतात तिनं स्वतःच्या हातानं भरलेल्या बाटलीतलं औषध सोडणार होते.

ती काम करायची त्या प्रयोगशाळेत या औषधाला सगळे शाई म्हणत. दिसायला ती तशीच होती, काळपट तपकिरी, काचेला धरून चालणारी. लोखंडाचेच, गंजाच्या जातीचे कण, पण इतके बारीक की चांगल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचे नाहीत. त्यांच्या अंगावर औषध चढवायचं, ते रक्तात सोडायचे आणि बाहेरून पोटाशी मोठं चुंबक आणून गाठीपाशी थोपवून धरायचे. औषध गाठीत उतरतं, बाकीच्या शरीराला त्याची झळ कमी लागते. कण एकेकटे राहिले तर सगळं ठीक. एकमेकांना धरून त्यांचे गठ्ठे झाले, तर ते भलत्याच ठिकाणी रक्त अडवतात, आणि निसटून फुप्फुसात पोचले तर माणूस टेबलावरच धापा टाकायला लागतो. म्हणून त्या खोलीत चुंबकाला बंदी होती. इतर ठिकाणी भांड्यात चुंबकाची गोळी टाकून ढवळतात, इथे वरून मोटर आणि काचेचा दांडा. दाराबाहेर खुंट्यांची रांग, तिथे घड्याळं, फोन, चुंबकाच्या बटणाच्या पर्सा लटकायच्या. ती तर नऊ वर्षं केसांना प्लॅस्टिकचे चाप लावत आली होती. "या बाई रक्तातलं लोखंडसुद्धा खुंटीला लावून आत येतात," असं प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, एकदा म्हणाले होते. सगळे हसले होते आणि तिला फार बरं वाटलं होतं. आणि एवढं सगळं करून, त्याच खोलीच्या कोपऱ्यात एक छोटा फ्रिज गुरगुरत उभा होता. त्याच्या दाराचा कुणाला कधी संशय आला नव्हता, कारण ते दार होतं. दाराला कोण चुंबक म्हणतं?

गेल्या गुरुवारी मोठ्या फ्रिजमधून पाणी गळायला लागलं आणि दुरुस्तीवाला आला. त्यानं आतलं सगळं बाहेर काढायला लावलं. आधल्याच दिवशी भरलेल्या तीन बाटल्या तिनं छोट्या फ्रिजमध्ये हलवल्या, आणि आत जागा नव्हती म्हणून दाराच्या फळीवर ठेवल्या. पहिली बसली, दुसरी बसली. तिसरीला जागा अपुरी होती. तिनं ती तिरकी करून कडेला सारली, पार रबराला टेकवून, आणि हलू नये म्हणून वरून पुठ्ठ्याचा तुकडाही खोचला. किती जपून केलं होतं ते तिनं! गुरुवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत ती बाटली त्या पट्टीला गाल लावून पडून होती. सोमवारी बाहेर काढली तेव्हा तिच्या एका बाजूला आतून काहीतरी गडद होतं का? होतं, असं आता तिला दिसत होतं. काचेच्या आत लांबट काळा डाग, लेबलाच्या कडेला समांतर. लेबलाची सावली असेल म्हणून तिनं नेहमीसारखी बाटली दोनदा उलटी सुलटी केली आणि डाग गेला. की डाग नव्हताच, आणि ही सेफ्टीपिन चिकटल्यावर भीतीनंच तो मागाहून तिथे काढला? तिनं डोळे मिटले. डाग दिसला. उघडून पुन्हा मिटले, तर बाटली स्वच्छ दिसली. आपल्याच हातांनी काय केलं ते आठवू नये, हा काय प्रकार आहे?

सरांचा फोन बंद होता. तो बंदच असणार, हॉस्पिटलमध्येही तो खोलीबाहेर ठेवावा लागतो. डॉक्टरांचा तिच्याकडे नंबर नव्हता. नवरा सकाळीच भावाबरोबर हॉस्पिटलमध्ये गेला होता, त्यानं पहिल्याच घंटीला उचलला. "अगं, थर्मास आणतेयस ना? दादानं सकाळपासून काही घेतलं नाहीये." ती म्हणाली, "आत नेलं का?" "अजून नाही. तयारी चाललीय. वहिनी मजेत आहेत, सिस्टरला दारावरचं घड्याळ मागं आहे म्हणून सांगतायत." मग तो म्हणाला, "काय गं? आवाज का असा येतोय?" तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. बाटली, फळी, रबर, तीनच शब्द लागले असते. "काही नाही," ती म्हणाली, "येतेच." फोन ठेवल्यावर आपण हे काय केलं असं वाटून तिनं पुन्हा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की थांबवा? तिसरी बाटली फेकायची तर दुसऱ्या दोन कामाच्या नव्हत्या. पहिली बुधवारी तपासणीसाठी उघडली होती, ती पेशंटला चालत नाही. दुसरी नियमानं सीलबंद ठेवायची असते, शिवाय तीही त्याच दारात राहिलेली. नवी शाई करायची, तपासायची, परवानगी मिळवायची म्हणजे सहा आठवडे. आणि डॉक्टर तिच्यासमोर म्हणाले होते की गाठ मोठ्या शिरेपासून बोटभर लांब आहे, महिन्याभरात शिरेला टेकली तर मग आमच्या हातात काही राहणार नाही. बोललं तर जाऊबाई सहा आठवड्यांत जातील. न बोललं तर कदाचित आज. कदाचित. हा शब्द बसस्टॉपपर्यंत तिच्या प्रत्येक पावलाखाली येत राहिला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. थर्मास मांडीवर घट्ट धरून ती बाहेर बघत बसली. दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, आणि कुणालाच कशाची घाई नव्हती. महिन्यापूर्वी जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर कागद पसरून तिनं त्यांना समजावलं होतं. कागदावर टाचण्या, कागदाखाली चुंबक. "औषधाला गाडीत बसवायचं. गाडी लोखंडाची. बाहेरून चुंबक धरायचं आणि गाडी बरोबर आपल्या गल्लीत थांबवायची." जाऊबाईंनी चष्मा वर करून टाचण्यांकडे बघितलं होतं. "आणि गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली तर गं?" "नाही अडकत." "पण समज, अडकली?" "जाऊबाई, मी स्वतः करते ते. माझ्या हातचं आहे." "मग झालं तर," असं म्हणून त्यांनी वही ओढली आणि तारीख घालून लिहिलं: धाकटी म्हणाली, अडकत नाही. या लिहिण्यावरून घरात सगळे त्यांना हसायचे. दूध तापवलं, लिहिलं. गॅस बंद केला, लिहिलं. गोळी घेतली की वेळ लिहायची, आणि वर जवळ जो असेल त्याला विचारायचं, "घेतली ना मी? बघितलंस ना?" हसत सगळे, ती मात्र कधी हसली नाही. त्यांनी तिच्याकडे बघून तसं विचारलं की ती मान खाली घालायची, कारण ते विचारणं आपल्यालाच उद्देशून आहे, याची तिला खात्री होती.

बावीस वर्षं झाली त्याला. लग्न होऊन चारच महिने झाले होते. सासूबाईंना साखर कमी करायच्या गोळ्या असत, सकाळी खाण्याआधी दोन. त्या दिवशी सकाळी त्या खोलीत एकट्याच होत्या, तिनं आपणहून पाणी नेलं आणि गोळ्या दिल्या. नव्या सुनेनं पुढे होऊन काही करावं, एवढंच मनात होतं. दोन तासांनी सासूबाई घामानं भिजून खुर्चीतून खाली घसरल्या. शुद्धीवर आल्या, पण डावा हात पुन्हा नीट उचलला गेला नाही. गोळ्या दुप्पट गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सासूबाईंनी आपल्या हातानं आधीच घेतल्या असणार, असं तिला वाटलं. दवाखान्याच्या बाकावर सासऱ्यांनी विचारलं, "गोळ्या कुणी दिल्या?" तिनं तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. पण तिच्या आधी मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "मी दिल्या." मग कुणी पुढे काही विचारलंच नाही. तिनं उघडलेलं तोंड मिटलं, आणि त्या बाईनं आपल्याला पाठीशी घातलं, असं त्या क्षणी तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच. सासूबाई पुढे सहा वर्षं जगल्या. या सहा वर्षांत त्यांनी मोठ्या सुनेच्या हातून औषध म्हणून घेतलं नाही. "माझ्या धाकटीचा हात चोख," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि तोंड उघडून धाकटीची वाट बघत. त्या उघड्या तोंडात गोळी ठेवताना दारात जाऊबाई उभ्या असायच्या, एका हातानं दुसरा हात धरून. तिला त्यांच्याकडे बघवत नसे. पुढे पुतण्यांचा अभ्यास घे, त्यांच्या आजारपणात जाऊन राहा, या प्रयोगात त्यांचं नाव लागावं म्हणून सरांच्या मागे लाग, जमेल ते तिनं सगळं केलं. एक गोष्ट सोडून.

कंडक्टरनं तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा बस केव्हाची थांबली होती. पायऱ्या उतरताना थर्मास कठड्यावर आपटला, आत काच फुटल्याचा बारीक आवाज झाला आणि गरम कॉफी झाकणातून हातावर झिरपायला लागली. भाजलं, पण तिनं हात बदलला नाही. हॉस्पिटलच्या दारावरचं घड्याळ दहा पंचेचाळीस दाखवत होतं. म्हणजे खरं त्याहून जास्त झालं असणार, ते मागं आहे ना. ती पळायला लागली. या वयात लोकांनी वाट करून द्यावी असं ती कधी पळाली नव्हती. लिफ्टपाशी गर्दी बघून जिन्याकडे वळली, आणि तिसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली तेव्हा तिला पहिल्यांदा असं वाटलं की उशीर झाला तर बरं होईल. झालेलं असलं तर आपल्याला काही करायचं उरणार नाही. हा विचार इतका गोड होता की तिला स्वतःचीच भीती वाटली आणि ती पुढचा मजला दोन-दोन पायऱ्या घेत चढली.

बोळाच्या टोकाला सर मनगटावरचं घड्याळ सोडत उभे होते. तिला बघून हसले. "या, तुमचीच वाट बघत होतो. तुमची शाई निघाली कामगिरीवर."

"सर, थांबवा."

"काय?"

तिनं सांगितलं. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त शब्द लागले, आणि मध्ये दम लागत होता. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जायलाही वेळ लागला. "रबराची पट्टी," ते पुटपुटले. "अरे देवा. पण बाई, तपासणी झालीय की."

"पहिल्या बाटलीची. आणि बुधवारी. दारात ठेवली गुरुवारी."

"तुम्ही डाग बघितलात? नक्की?"

"नक्की नाही."

"मग?"

"नक्की नाही, म्हणूनच सांगतेय सर. नक्की असतं तर तुम्हाला विचारलंही नसतं, आत जाऊन फोडली असती."

सर आवाज खाली आणून म्हणाले, "आज नाही तर सहा आठवडे. पेशंट कोण आहे ते तुम्हाला मी सांगायला नको." ती म्हणाली, "माझ्या जाऊबाई आहेत." आत स्टीलच्या ट्रेचा आवाज झाला. ती म्हणाली, "दहा मिनिटं टेबलावर ठेवा, हात न लावता. नंतर हळूच तिरकी करा. कण सुटे असतील तर तळाशी काही दिसणार नाही. गठ्ठे असतील तर बसतील." त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं आणि आत गेले. त्यांचं आणि डॉक्टरांचं बोलणं दाराच्या काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी एकदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग बाटली रिकाम्या टेबलाच्या मधोमध ठेवली गेली आणि सगळे तिच्यापासून दोन पावलं मागं सरले.

जाऊबाईंची चाकांची खाट बाजूच्या पडद्याआड होती. नवरा बोळातून उठून येत होता, त्याच्या हातात फुटका थर्मास देऊन ती आत शिरली. हिरवी टोपी घातलेल्या जाऊबाई फार लहान दिसत होत्या. "आलीस? हे लोक का थांबलेत गं? अकरा वाजून गेले." उशाखालून त्यांनी वही काढली होती, पानावर आधीच लिहून ठेवलेलं होतं: अकरा वाजता इंजेक्शन, आणि पुढे जागा मोकळी. तिनं त्यांचा हात धरला. तो गार होता. आजारी माणसाशी कसं बोलायचं ते तिला ठाऊक होतं, पण त्यातलं एकही वाक्य जवळ आलं नाही.

"माझ्या हातून चूक झालीय, जाऊबाई. बाटली मी चुकीच्या जागी ठेवली. ती बिघडली असेल. बघतायत."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आणि बिघडली असली तर?"

"सहा आठवडे."

"डॉक्टर महिना म्हणाले होते," त्या म्हणाल्या. अगदी हळू, हिशेब चुकला की आपण म्हणतो तसं. त्यांनी तिचाच हात दाबून धरला आणि वर छताकडे बघत राहिल्या. "मला भीती वाटतेय गं. कुणाला सांगितलं नाही मी."

"मलाही."

"पण तू सांगितलंस हे बरं केलंस."

या वाक्यानं तिच्या आत जे काही बांधून ठेवलेलं होतं ते सुटलं. "मी तेव्हा नाही सांगितलं," ती म्हणाली. "सासूबाईंच्या गोळ्या. त्या दिवशी मी दिल्या होत्या. तुम्ही माझं नाव येऊ दिलं नाहीत, आणि मी बावीस वर्षं... एकदाही..."

जाऊबाईंची मान उशीवर वळली. कपाळाला आठी पडली होती. "तू दिल्या होत्यास?"

"हो. तुम्हाला माहीत होतं ना?"

"मला कुठून माहीत असणार? मी दिल्या होत्या." त्या कोपरावर टेकून उठायला बघू लागल्या. "साडेआठला मी दिल्या. दोन. डॉक्टर म्हणाले चार गेल्या, तर मला वाटलं, मीच पुन्हा दिल्या असतील. मला एकदाच दिल्याचं आठवत होतं. पण सगळे म्हणत होते, आणि दुसरं कुणी नाही म्हणत नव्हतं. मग मी म्हटलं, माझंच डोकं ठिकाणावर नसेल." "तेव्हापासून माझा माझ्या हातावर भरवसाच नाही गं राहिला. गॅस बंद केलेला दिसत असतो, तरी मी लिहिते."

पडद्याबाहेर कुणी तरी खुर्ची सरकवली. तिला वाटत होतं, त्यांनी थोबाडीत मारावी, ओरडावं. त्या फक्त तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हत्या, आणि ती सहा वर्षं दारात उभं राहून एका हातानं दुसरा हात धरून त्या काय बघत होत्या ते तिला आता कळलं. तिला पाठीशी कुणी घातलेलं नव्हतं. त्या बाईनं पांघरूण घातलं नव्हतंच. आपणच नुसतं एका माणसाला स्वतःवर संशय घ्यायला लावून रोज शेजारी बसून जेवण केलं होतं. कसला आधार म्हणून ती खाटेचा दांडा धरून राहिली. लोखंडाचा दांडा, गार.

सर पडदा बाजूला करून आत आले. बाटली त्यांनी आणली होती, पुरावा म्हणून नव्हे, तिला दाखवायलाच हवी म्हणून. त्यांनी ती सावकाश तिरकी केली. शाई सरकली आणि तळाशी काळा गाळ तसाच बसून राहिला, नखाएवढा. "आजच्या आज नवी शाई करायला घेतो," सर शेवटी म्हणाले. "डॉक्टर म्हणतायत, परवानगीसाठी मी स्वतः बसतो. सहाचे चार करता आले तर..." बाटली मुठीत घेऊन ते गेले.

जाऊबाईंनी डोळे मिटले होते. पापण्यांखालून पाणी येऊन कानाकडे गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. चार आठवडे की सहा, आणि गाठ शिरेपासून बोटभर, हे तिच्या डोक्यात नुसतं फिरत होतं आणि कुठेच बसत नव्हतं. मग पोटावर काहीतरी टेकलं म्हणून तिनं खाली बघितलं. जाऊबाई वही तिच्या अंगाला लावत होत्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "माझा हात हलतोय."

तिनं पेन घेतलं. अकरा वाजता इंजेक्शन, याच्या पुढच्या मोकळ्या जागेत लिहिलं: दिलं नाही. वही परत द्यायला गेली तर त्यांनी घेतली नाही.

"आता तो दिवस लिही," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "कोणी दिल्या, किती वाजता, सगळं. तुझ्या अक्षरात."

तिनं पान उलटलं आणि वर तारीख घालायला घेतली. तारीख कुणाला विचारावी लागली नाही.